गव्हर्नरच्या चीफ ऑफ स्टाफच्या हाताखाली नोकरी : लेकीने घ्यावी का?

शुभदा_एडिसन

नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी धागा काढतेय. विषय घरचाच आहे, पण घरात कुणालाच उत्तर माहीत नाही म्हणून इथे विचारते.

माझी लेक रटगर्स विद्यापीठाच्या ब्लाउस्टीन स्कूलमधून पब्लिक पॉलिसीत मास्टर्स झाली. शिकता शिकता तिने ट्रेंटनला, आमच्या न्यू जर्सी राज्याच्या राजधानीत, गव्हर्नरच्या ऑफिसात एक सत्र इंटर्नशिप केली होती. आता तिथूनच नोकरीचं पत्र आलंय. पद आहे 'स्पेशल असिस्टंट टू द चीफ ऑफ स्टाफ'. मॅनहॅटनमधल्या एका कन्सल्टिंग कंपनीची ऑफरही हातात आहे आणि तिथला पगार जवळजवळ दुप्पट. दहा दिवसांत दोन्हीकडे कळवायचंय.

आमच्याकडे प्रत्येकाचं मत वेगळं. नवरा म्हणतो, कर्ज फेडायचंय तर कन्सल्टिंग घे, सरकारी नोकरी नंतर बघू. पुण्याहून दिरांचा फोन आला, ते म्हणाले, "वहिनी, राज्यपालांच्या पीएची पीए व्हायला एवढं शिकवलंत का?" मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर मलाही त्यांना उत्तर देता आलं नाही. मी फार्मसीत काम करते, मला औषधांचं विचारा. हा चीफ ऑफ स्टाफ दिवसभर करतो काय, तो निवडून येतो की नेमला जातो, गव्हर्नर बदलला की त्याचं काय होतं, आणि त्याच्या हाताखाली दोन-चार वर्षं काढलेली मुलगी पुढे कुठे जाते, यातलं मला काहीच ठाऊक नाही.

लेकीला विचारलं तर म्हणते, "आई, तिथे सगळ्या खोल्यांचे दरवाजे एकाच खोलीत उघडतात." एवढ्यावर आईचं समाधान होत नाही.

कुणी जवळून पाहिलं असेल तर मोकळेपणाने लिहा. तिला नको असलेलं लिहिलंत तरी चालेल.

सुनील_वाकड

अभिनंदन शुभदाताई! मला यातलं काही कळत नाही, पण एक शंका. हे आपल्याकडच्या आयएएससारखं परीक्षा देऊन मिळणारं पद आहे का? तसं असेल तर दोन वर्षांनी सोडून जाणं बरं नाही. जाणकारांच्या उत्तराची वाट बघतो.

निवृत्त_उपसचिव

शुभदाताई, मी ३१ वर्षं मंत्रालयात काढली. कक्ष अधिकारी म्हणून लागलो, उपसचिव म्हणून निवृत्त झालो. अमेरिकेतलं मला ऐकून आणि वाचूनच माहीत आहे, पण तुमच्या दिरांचा गोंधळ कुठून आला ते सांगू शकतो. तो 'गव्हर्नर' या शब्दातून आलाय.

आपल्या राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात, घटनेचं कलम १५५. आणि ते काम करतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, कलम १६३. विधेयकांना संमती, विद्यापीठांचं कुलपतीपद, शपथविधी, अभिभाषण, असा त्यांच्या कचेरीचा पसारा असतो. तिथला सचिव हा सनदी अधिकारी, सोबतीला एडीसी, म्हणजे दिमतीला दिलेले लष्करी-पोलिस अधिकारी. त्या कचेरीला मान मोठा, पण रोजचा राज्यकारभार तिथून हाकला जात नाही. तुमच्या तिथला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो आणि सरकार तोच चालवतो. म्हणजे तुलना करायचीच तर मुख्यमंत्र्यांशी करा. राज्यपालांचं मलबार हिल विसरा आणि मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर, मुख्यमंत्री कार्यालयात या.

'सहाव्या मजल्यावरून फोन आला' या चार शब्दांचं वजन मंत्रालयात काम केलेल्या कुणालाही विचारा. २०१२ च्या जूनमध्ये आग लागली, सहावा मजला जळाला, मुख्यमंत्री कार्यालय दुसरीकडे हलवावं लागलं. तरी पुढे कितीतरी महिने आम्ही 'सहाव्या मजल्यावरून निरोप आलाय' असंच म्हणत होतो. कारण मजला जळाला तरी निरोप यायचे थांबले नव्हते.

आता आपल्याकडे त्या मजल्यावर दोन प्रकारची माणसं बसतात. एक, मुख्यमंत्र्यांचे प्रधान सचिव किंवा अपर मुख्य सचिव. हे आयएएस. सरकार पडलं तर हे दुसऱ्या खात्यात जातात, नोकरी शाबूत. दुसरे, मुख्यमंत्र्यांबरोबर आलेले विशेष कार्य अधिकारी, सल्लागार, स्वीय सहायक. यांतले बरेचसे साहेबांबरोबर येतात आणि साहेबांबरोबर जातात. पहिल्यांना नियम माहीत, दुसऱ्यांना साहेबांचं मन माहीत. नस्तीवर (फाइलवर) शेरा काय यावा हे या दोघांच्या मधल्या जागेत ठरतं, आणि कधी कधी तिथेच अडकतं. माझ्या समजुतीप्रमाणे अमेरिकेतला चीफ ऑफ स्टाफ म्हणजे ही दोन्ही कामं एका माणसावर सोपवलेली. सुनील, परीक्षा वगैरे काही नाही. गव्हर्नरची मर्जी हीच नेमणूक आणि तीच सेवानिवृत्ती.

त्यामुळे 'पीएची पीए' हे बरोबर नाही. माझ्या मुलीला सहाव्या मजल्यावर बसायला मिळालं असतं तर मी पेढे वाटले असते.

डेलावेअरकाठी

उपसचिवसाहेबांनी पाया घातलाच आहे, मी पुढचं लिहितो. मी ट्रेंटनमध्ये राज्य सरकारच्या ट्रेझरीत, बजेट विभागात १९ वर्षं होतो. गव्हर्नरच्या ऑफिसात कधीच नव्हतो. म्हणजे चीफ ऑफ स्टाफच्या फोनच्या दुसऱ्या टोकाला होतो असं समजा. त्या टोकाला ते काम फार स्पष्ट दिसतं.

आधी न्यू जर्सीचं वेगळेपण. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत अॅटर्नी जनरल वेगळा निवडून येतो, कुठे कुठे ट्रेझरर, कुठे शिक्षणप्रमुखही. आमच्या राज्य सरकारात सगळ्या राज्याच्या मतांवर निवडून येणारी माणसं दोनच, गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर, आणि तीही एकाच जोडीने. बाकी अॅटर्नी जनरलपासून वाहतूक आयुक्तापर्यंत सगळे गव्हर्नर नेमतो आणि राज्याचं सिनेट त्यांना मंजुरी देतं. बजेटमधली एकेक ओळ खोडायचा अधिकार गव्हर्नरला आहे. विधेयक जसंच्या तसं नाकारण्याऐवजी 'एवढे बदल करा मग सही करतो' असा सशर्त नकार देता येतो. टर्नपाइक (टोलचा महामार्ग), एनजे ट्रान्झिट (राज्याच्या बस-रेल्वे) अशा मंडळांच्या बैठकींची इतिवृत्तं गव्हर्नरच्या ऑफिसात येतात आणि ती नाकारली तर त्या बैठकीतला निर्णयच रद्द होतो. इतकी सत्ता एका खुर्चीत एकवटली की त्या खुर्चीपर्यंत काय जायचं आणि काय नाही हे ठरवणारा माणूस लागतो. तो चीफ ऑफ स्टाफ. त्याला मात्र सिनेटची मंजुरी लागत नाही.

ट्रेंटनमध्ये गव्हर्नरच्या ऑफिसला 'फ्रंट ऑफिस' म्हणतात. 'फ्रंट ऑफिसला हे चालेल का?' हा प्रश्न मी १९ वर्षांत किती वेळा ऐकला असेल त्याची मोजदाद नाही. आणि याचं उत्तर गव्हर्नर स्वतः क्वचितच देतो. ५६४ नगरपालिका, २१ काउंट्या, ४० सिनेटर, ८० असेंब्ली सदस्य. प्रत्येक महापौराला वाटतं, माझा फोन गव्हर्नरने घ्यावा. त्यातले चार घेतले जातात, बाकीचे चीफ ऑफ स्टाफ घेतो आणि त्यातल्या बहुतेकांना 'नाही' म्हणतो. गव्हर्नरने 'हो' म्हणायचं आणि चीफ ऑफ स्टाफने 'नाही' म्हणायचं, अशी कामाची वाटणीच असते. त्यामुळे या माणसाविषयी गावभर कुरकुर ऐकू येते. ती ऐकून लेकीने बिचकू नये.

सिनेटरांच्या हातातही एक हत्यार आहे. गव्हर्नरने नेमलेला माणूस ज्या काउंटीत राहतो तिथल्या सिनेटरने संमती दिली नाही तर ती नेमणूक पुढेच सरकत नाही. याला 'सेनेटोरियल कर्टसी' म्हणतात, कायद्यात ती कुठेही लिहिलेली नाही. एका न्यायाधीशाची नेमणूक महिनोन्महिने अडते आणि मग चीफ ऑफ स्टाफ त्या सिनेटरसमोर बसून त्याला खरोखर काय हवंय ते शोधून काढतो. बरेचदा ते न्यायाधीशाशी संबंधित नसतंच.

आता माझी स्वतःची आठवण, कारण शुभदाताई, तुम्ही 'दिवसभर करतो काय' असं विचारलंत.

आमचं बजेट ३० जूनच्या मध्यरात्रीच्या आत सही होऊन तयार व्हावं लागतं. नाही झालं तर सरकार बंद. २००६ मध्ये विक्रीकर ६ वरून ७ टक्के करायच्या भांडणात ते खरंच बंद पडलं, अटलांटिक सिटीचे कॅसिनोही बंद ठेवावे लागले, कारण राज्याचे निरीक्षक हजर नसताना ते चालवता येत नसत. २०१७ मध्ये पुन्हा, ऐन चार जुलैच्या सुटीत राज्याची उद्यानं आणि किनारे बंद. त्यामुळे जूनचा शेवटचा आठवडा आम्ही ऑफिसातच काढायचो. पिझ्झाचे खोके, उश्या, एकाच्या टेबलाखाली झोपायची सतरंजी.

अशाच एका जूनमध्ये माझ्याकडे एक ओळ होती. वृद्ध आणि अपंगांना ने-आण करणाऱ्या काउंटीच्या गाड्या. यांचा पैसा कॅसिनोंच्या उत्पन्नातून येतो. २०१४ मध्ये अटलांटिक सिटीतले चार कॅसिनो एकाच वर्षात बंद झाले, त्याच्या आधीपासूनच तो झरा आटत चालला होता. प्रश्न एवढाच की दक्षिणेकडच्या एका काउंटीची तूट दुसरीकडून भरायची की सोडून द्यायची. मी तक्ता करून वर पाठवला होता. शिफारस : सोडून द्यावी.

रात्री दीडच्या सुमाराला तेव्हाच्या चीफ ऑफ स्टाफ आमच्या मजल्यावर आल्या. हातात तो तक्ता. माझ्या साहेबांना वगळून थेट माझ्या टेबलाशी. विचारलं, "ही ओळ गेली तर पहिला फोन कुणाचा येईल?" मी म्हणालो, काउंटीच्या वाहतूक अधिकाऱ्याचा. त्या म्हणाल्या, "त्याच्या आधी?" मला माहीत नव्हतं. "आठपर्यंत सांगा," म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

मी पहाटे सहाला त्या काउंटीच्या गाड्या सोडणाऱ्या बाईंना फोन केला. त्या सहाला कामावर असतात हेही मला तेव्हाच कळलं. त्यांनी एका दमात सांगितलं : मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटेची पहिली फेरी डायलिसिसच्या रुग्णांची, नऊ माणसं, त्यातल्या सहांना दुसरी सोय नाही. मी आठ वाजता ते दोन ओळींत लिहून पाठवलं. त्या काउंटीपुरता मार्ग निघाला. मी १२ वर्षं बजेटचं काम करत होतो तोवर, आणि माझ्या तक्त्यात प्रवाशांची संख्या होती, प्रत्येक फेरीचा खर्च होता. मंगळवारची पहाट नव्हती.

तर काम हे. गव्हर्नरसमोर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला तो प्रश्न विचारणं, जो कागद पाठवणाऱ्याने विचारायला हवा होता. आणि तो विचारायला स्वतः खाली उतरणं. तुमच्या लेकीचं पद म्हणजे त्या चीफ ऑफ स्टाफ बाईंच्या मागे वही घेऊन चालणारी मुलगी. ती त्या रात्रीही होती. तिशीच्या आतली असेल. आठ वाजता माझा ईमेल तिच्याकडेच गेला आणि गव्हर्नरच्या टेबलावर पोचण्याआधी तिने मला फोन करून विचारलं, "नऊ हा आकडा आजचा आहे की सरासरी?" मी आजही तिला मानतो.

रोजचं वेळापत्रक विचाराल तर : सकाळी लवकर मोठ्या अधिकाऱ्यांची बैठक, त्यात मुख्य वकील, माध्यमप्रमुख, विधिमंडळाचं काम बघणारा, गव्हर्नरचा दिवस आखणारा. मग विधेयकांचे मेमो. विधेयक आलं की साधारणपणे ४५ दिवसांत सही किंवा नकार ठरवावा लागतो, आणि अधिवेशन संपताना ती ढिगाने येतात. दुपारी कुठल्याशा आयुक्ताची तक्रार. संध्याकाळी वादळाचा अंदाज आला की सगळं बाजूला. सँडी वादळाच्या वेळी, २०१२ च्या ऑक्टोबरअखेरीस, मी पाहिलंय, गव्हर्नरचं ऑफिस घरी गेलंच नाही.

ग्रँडब्लँक_मिशिगन

डेलावेअरकाठी यांनी लिहिलेली डायलिसिसची गोष्ट वाचून मला राहवलं नाही. मी मोटारीच्या धंद्यातला इंजिनियर. फ्लिंटच्या दक्षिणेला, ग्रँड ब्लँकला राहत होतो तेव्हाची गोष्ट.

(जाता जाता : आमच्या मिशिगनमध्ये २०१८ ला गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार उभे होते. हरले, पण २०२२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून आले. तेव्हा शुभदाताई, आपल्या लोकांनी या क्षेत्रात जाऊ नये असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका.)

फ्लिंटचं पाणी तुम्हाला आठवत असेल. २०१४ च्या एप्रिलमध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी डेट्रॉइटच्या पुरवठ्यावरून फ्लिंट नदीवर नेलं. पाइप गंजू नयेत म्हणून जी प्रक्रिया करायची ती केली नाही. शिसं पाण्यात उतरलं. त्याच ऑक्टोबरात जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यासाठी ते पाणी घेणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजत होते. आमच्या कँटीनमध्ये तो एकच विषय. इंजिनाला न चालणारं पाणी माणसं पीत होती.

आता चीफ ऑफ स्टाफकडे येतो. गव्हर्नर रिक स्नायडर यांचे चीफ ऑफ स्टाफ होते डेनिस मचमोर. नंतर जे ईमेल बाहेर आले त्यात दिसतं की २०१४ च्या ऑक्टोबरातच गव्हर्नरच्या ऑफिसातल्या एका वकीलबाईंनी लिहिलं होतं की डेट्रॉइटच्या पाण्यावर परत जायला हवं. दुसरे वकील स्वतः फ्लिंटचे. त्यांनी लिहिलं की फ्लिंट नदीचं पाणी प्यायचं ही कल्पनाच भीतीदायक आहे आणि माझी आई त्या गावात राहते. हे ईमेल चीफ ऑफ स्टाफपर्यंत पोचले होते. परत जाणं महाग पडेल असं उत्तर मिळालं आणि विषय तिथे राहिला. २०१५ च्या जुलैत खुद्द मचमोर यांनी आरोग्य खात्याला लिहिलं की हे लोक घाबरलेत आणि आपण त्यांना झटकून टाकतोय. मला त्या माणसाविषयी या एका ईमेलमुळे आदर वाटतो. पण खात्याकडून काळजीचं कारण नाही अशा अर्थाचं उत्तर आलं आणि पुन्हा काही आठवडे गेले. सप्टेंबरमध्ये डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे पत्रकारांसमोर ठेवले तेव्हा कुठे सरकार हललं. ऑक्टोबरात पाणी परत डेट्रॉइटचं झालं. दीड वर्ष.

मी हे यासाठी सांगतोय की त्या खुर्चीत माहिती पोचत नाही असं नसतं. पोचते. ट्रेंटनच्या त्या बाई रात्री दीडला खाली उतरल्या, आमच्याकडे खात्याचं उत्तर कागदावर आलं आणि तेच धरलं गेलं. तुमच्या लेकीच्या हातून असे कागद रोज जातील. तिने नोकरी घ्यावी असं मला मनापासून वाटतं. फक्त ज्या कागदावर 'काळजीचं कारण नाही' असं लिहिलेलं असेल तो तिने दोनदा वाचावा.

शुभदा_एडिसन

तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ काढून लिहिलंत, मला खरंच भरून आलं. उपसचिवकाका, तुमचं उत्तर दिरांना जसंच्या तसं पाठवलं. त्यांचा फोन आला, म्हणाले, "वहिनी, सहावा मजला आहे हे आधी सांगायचं ना!"

डेलावेअरकाठी, दोन गोष्टी राहिल्या. एक, यातून पुढे जायचं कुठे? दुसरी, मला भीती वाटते. जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचं प्रकरण आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्यातली ती बाई मुलाबाळांची आई होती.

डेलावेअरकाठी

दुसऱ्याचं आधी लिहितो, कारण आईचा खरा प्रश्न तोच आहे.

ब्रिजेट केली या तेव्हाचे गव्हर्नर क्रिस्टी यांच्या डेप्युटी चीफ ऑफ स्टाफ होत्या. २०१३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी फोर्ट ली गावात थोडी वाहतूक कोंडी करायची वेळ झालीय अशा अर्थाचा एका ओळीचा ईमेल लिहिला. खाजगी खात्यावरून. सप्टेंबरात, शाळा सुरू होण्याच्या दिवशी, जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर जाणाऱ्या फोर्ट लीच्या लेन कमी केल्या गेल्या, तिथल्या महापौराला राजकीय धडा शिकवायला. त्या आठवड्यात माझी मामेबहीण रोज त्या कोंडीत अडकायची. केलींना शिक्षा झाली आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती एकमताने रद्द केली. पण कोर्टाने हे चांगलं होतं असं म्हटलेलं नाही. सत्तेचा गैरवापर झाला, मात्र ज्या कलमांखाली खटला भरला त्यात तो बसत नाही, असा तो निकाल. मधली वर्षं त्यांची कुणी परत दिली नाहीत. इलिनॉयमध्ये तर २००८ च्या डिसेंबरात गव्हर्नर ब्लागोयेविच यांच्याबरोबर त्यांचे चीफ ऑफ स्टाफ जॉन हॅरिस यांनाही त्याच दिवशी अटक झाली होती. हॅरिस यांनी पुढे गुन्हा कबूल करून साक्ष दिली.

लेकीला माझ्याकडून तीन वाक्यं सांगा. सरकारी काम खाजगी ईमेलवर एक अक्षरही करायचं नाही. वरून आलेला निरोप समजला नाही तर विचारायचा, अंदाजाने पुढे पाठवायचा नाही. आणि 'साहेबांना असं हवंय' हे वाक्य ऐकलं की कुठल्या साहेबांना, कधी म्हणाले, हे वहीत तारखेसकट लिहून ठेवायचं. त्या खोलीत सगळे गव्हर्नरच्या नावाने बोलतात. त्यातलं किती खरोखर त्याचं असतं हे तपासणं हेही तिचंच काम असणार आहे.

आता पुढचा रस्ता. शिडी नाही, हे आधी मान्य करा. गव्हर्नर गेला की ऑफिस रिकामं होतं, जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी बारा वाजता. पण माणसं कुठे कुठे गेली ते बघा. आमचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी, त्यांचे चीफ ऑफ स्टाफ जॉर्ज हेल्मी. आईवडील इजिप्तहून आलेले, हे मुद्दाम सांगतो. अमेरिकेचे सिनेटर लॉटनबर्ग यांच्याकडे काम केलं, मग सिनेटर कोरी बुकर यांचं राज्यातलं ऑफिस सांभाळलं, मग २०१९ ते २०२३ चीफ ऑफ स्टाफ, मग एका मोठ्या रुग्णालय समूहात. २०२४ ला सिनेटर मेनेंडेझ यांनी राजीनामा दिल्यावर मर्फींनी त्यांना थेट अमेरिकेच्या सिनेटमध्ये पाठवलं, अँडी किम निवडून येऊन शपथ घेईपर्यंत तीन महिने. मॅसॅच्युसेट्सचे मो कोवन २०१३ मध्ये, फ्लोरिडाचे जॉर्ज लेम्यू २००९ मध्ये, हेही गव्हर्नरचे चीफ ऑफ स्टाफ राहिलेले आणि असेच मधल्या काळापुरते सिनेटर झालेले. मिनेसोटाच्या टीना स्मिथ आधी मिनियापोलिसच्या महापौरांच्या चीफ ऑफ स्टाफ, मग गव्हर्नर डेटन यांच्या, मग लेफ्टनंट गव्हर्नर, मग सिनेटर, आणि नंतर स्वतः निवडून आल्या. गव्हर्नरला रिकामी जागा भरायची असते तेव्हा तो आपल्या विश्वासाचा माणूस शोधतो, आणि ज्याने त्याच्या वतीने चार वर्षं 'नाही' म्हटलेलं असतं त्याच्याइतका विश्वास दुसऱ्या कुणावर नसतो.

कॅलिफोर्नियाची जोडगोळी तर मला फार आवडते. ग्रे डेव्हिस हे १९७५ ते १९८१ गव्हर्नर जेरी ब्राउन यांचे चीफ ऑफ स्टाफ. पुढे स्वतः गव्हर्नर झाले, २००३ मध्ये मतदारांनी त्यांना मुदतीआधी परत बोलावलं आणि श्वार्झनेगर आले. डेव्हिस यांच्या कार्यालयात सुझन केनेडी होत्या. डेमोक्रॅट. २००५ च्या जनमताच्या मतदानात श्वार्झनेगर यांचे सगळे प्रस्ताव पडले तेव्हा त्यांनी याच केनेडींना आपल्या चीफ ऑफ स्टाफ म्हणून बोलावलं, स्वतः रिपब्लिकन असून. दोन्ही पक्षांतून ओरड झाली, पण त्या शेवटपर्यंत राहिल्या. काम येणाऱ्या माणसाची किंमत पक्षापलीकडे जाते, कधी कधी.

सगळेच सिनेटर होत नाहीत. बहुतेक जण रुग्णालयांत, विद्यापीठांत, वकिलीत, लॉबिंगमध्ये जातात. उलटाही रस्ता आहे. हेल्मींच्या नंतर मर्फींच्या चीफ ऑफ स्टाफ झालेल्या डायन गुतिएरेझ-स्काचेत्ती या आधी वाहतूक आयुक्त होत्या, टर्नपाइकच्या जगातून आलेल्या. माझ्या टेबलावर फोन करणारी ती वहीवाली मुलगी आज एका काउंटीचं आरोग्य खातं सांभाळते. कन्सल्टिंगवाले तिला दोन वर्षांनीही घेतील, कदाचित जास्त पगारावर. उलट दिशेने हा दरवाजा पुन्हा उघडेल याची खात्री नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. तिच्या डोक्यात नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात स्वस्त घर घ्यायचं असेल तर आधीच सांगा, २०११ च्या कायद्याने न्यू जर्सीच्या राज्य कर्मचाऱ्याला नोकरी लागल्यापासून वर्षभरात न्यू जर्सीतच राहायला यावं लागतं. माझ्या विभागातल्या दोघांना हे उशिरा कळलं होतं.

शुभदा_एडिसन

अहो, तिचं फिलाडेल्फियाला मैत्रिणीबरोबर घर घ्यायचं ठरलं होतं! बरं झालं सांगितलंत.

रात्री जेवताना तिला सगळं वाचून दाखवलं. फ्लिंटचं वाचताना ती गप्प झाली आणि मग म्हणाली की त्या वकिलाच्या आईचं पुढे काय झालं ते कुणी लिहिलंय का. नवऱ्याने कागद घेऊन कर्जाचे हप्ते नव्याने मांडले, सात वर्षांचे नऊ केले तर जमतं म्हणाला. त्याने 'हो' असं तोंडाने म्हटलं नाही, पण कागद तिच्याकडे सरकवला.

तिने आज सकाळी ट्रेंटनला होकार कळवला. एक तारखेला रुजू व्हायचंय. डेलावेअरकाठी, ती विचारतेय, बजेट विभाग कुठल्या मजल्यावर आहे आणि गाड्या सोडणाऱ्या त्या बाई अजून कामावर आहेत का.

आणि हॅमिल्टन स्टेशनच्या आसपास एका मुलीसाठी भाड्याची खोली कुणाच्या माहितीत असेल तर कृपया निरोप पाठवा. स्वयंपाकाची सोय हवी, ती चहा स्वतःचाच पिते.